दुपट्ट्याखालचा सौदा

सावरखेडचा शंकरपट रविवारी आटोपला आणि सोमवारी दुपारी गोवर्धन खेरडेच्या अंगणात त्याची पंचायत बसली. हे दर वर्षीचंच. अकोल्याकडच्या त्या माळावर बैलांच्या जोड्या हलक्या छकडीला जुंपून सोडतात, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर त्या पल्याड पोचतात, आणि पाहणाऱ्यांना पुढे आठवडाभर तोंड चालवायला विषय मिळतो. मध्ये बरीच वर्षं पट बंद होते. मग कोर्टानं परवानगी दिली आणि ते पुन्हा भरू लागले. गोवर्धनच्या बायकोला, जयवंताला, वाटलं होतं, निदान ही पंचायत तरी आता कोणाला आठवणार नाही. कसलं काय! गाजरगवतासारखी ती पहिल्याच वर्षी पुन्हा उगवली, आणि तीही तिच्याच अंगणात.

अमरावतीच्या या टोकाला एवढं मोठं अंगण दुसऱ्या कोणाचं नाही आणि न कुरकुरता चहा करणारी बायकोही दुसऱ्या कोणाची नाही, असं गोवर्धन चारचौघांत म्हणायचा. तो याला कौतुक समजायचा. पन्नाशीला आलेली जयवंता कुरकुरायची नाही हे खरं. पण त्या दुपारी ती दारात बसून संध्याकाळचे हार ओवत होती, आणि ताटात केस निघाल्यावर होतं तसं तिचं तोंड झालं होतं.

समोर सात-आठ पुरुष एका मोबाईलवर डोकी घालून बसले होते. मोबाईल अमोलचा. अमोल हा गोवर्धनचा पुतण्या, कचेरीत एका वकिलाकडे कारकून. त्यानं पटाच्या शेवटच्या धावेचा व्हिडिओ काढला होता, आणि तोच सगळे जण पुढे-मागे करून पाहत होते.

"थांब, थांब! इथंच थांब!" गोवर्धन ओरडला. "आता मोगऱ्याचा कान पाय. कान मांगं गेला का नाही? तिथंच बिथरला तो. नाही त पातूरची जोडी हारतेच कशी, मले सांगा!"

मोगऱ्या हा पातूरच्या जोडीतला उजवा बैल. पांढराशुभ्र, देखणा, आणि धावायच्या बाबतीत यथातथा. गोवर्धनसारख्या फुलं पिकवणाऱ्या माणसाला बैलाचं नाव मोगऱ्या आहे एवढ्यावर भरवसा वाटला होता, आणि ही गोष्ट तो स्वतःच मोठ्या प्रेमानं सगळ्यांना सांगत होता. चांदूरच्या जोडीनं मोगऱ्याला मान काढून मागं टाकलं. मान काढून म्हणजे खरोखरच एका मानेच्या अंतरानं. त्या एका मानेवर ही सगळी दुपार चालली होती.

हरलेल्यातला एकही जण हरला नव्हता, ही या पंचायतीची मजा. कोणाच्या जोडीसमोर पोरगं आडवं आलं होतं. कोणाच्या धुरकऱ्यानं, म्हणजे छकडी हाकणाऱ्यानं, कासरा उशिरा सोडला होता. कोणाला तर झेंडी दाखवणाराच विकला गेल्याचा पक्का संशय होता. बैलाला बोलता आलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं कोण जाणे, पण त्याला कोणी विचारत नव्हतं. विचारायची रीत नव्हतीच या घोळक्यात.

मग पैजा फेडायला सुरुवात झाली. एक जण ओठावरची मिशी सफाचट करून आला होता, आणि नवरदेवासारखा लाजत होता. एकानं आपली तरणी बकरी आणून अंगणातल्या खांबाला बांधली. बकरी झेंडूच्या टोपलीकडे मान लांबवत होती आणि जयवंता तिला एका पायानं मागे सारत होती. एकाला वर्षभर दुसऱ्याच्या घरी सणावाराला पाणी भरायचं होतं. हसणं, टाळ्या, पाठीवर थापा. पैसा मात्र कोणी काढला नाही, कारण पैशाची पैज लावाल तर खबरदार, असं समितीचे लोक माइकवरून दिवसभर ओरडत होते आणि पोलीसही फिरत होते. तेव्हा मंडळींनी ढोरबाजाराची जुनी रीत उकरून काढली होती.

ती रीत अशी. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकानं खांद्यावरचा दुपट्टा काढून हातांवर टाकायचा, आणि दुपट्ट्याखाली हातात हात घालून बोलणं करायचं. जिभेनं एक अक्षर नाही. बोटं धरली की बोलणी त्या बोटांपुरती. एक बोट म्हणजे एकदा, दोन बोटं म्हणजे दोनदा. आणि मनगट धरू दिलं, तर सगळंच दिलं. कायमचं. बाजूला उभ्या माणसाला नुसता दुपट्टा हललेला दिसतो. ढोरांचे दलाल वर्षानुवर्षं असे सौदे करत आले, आणि दुपट्ट्याखाली दिलेला शब्द फिरवणाऱ्याचा हात पुन्हा कोणी धरत नाही, ही त्यातली शिक्षा.

दुपट्ट्याच्या सगळ्या भानगडींचे पंच होते भगवंत. त्यांचं उभं आयुष्य ढोरबाजारात दलालीत गेलं होतं. आता गुडघे गेले, दलाली गेली, पण लोकांच्या हातात काय होतं हे ओळखायची हौस तेवढी राहिली होती. ते खाटेवर पाय पसरून बसले होते आणि एकेक पैज निकालात काढत होते.

जयवंतानं चौथ्यांदा चहा ठेवला. आज हे लवकर उठले तर बरं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. उद्या मंगळवार. मंगळवारी देवीच्या देवळासमोर गर्दी असते, हार जास्त लागतात.

देवळासमोरची तिची जागा म्हणजे पायऱ्यांच्या डाव्या हाताला कडुनिंबाखालचा एक तुकडा. गोणपाट अंथरलं की संपला. पण दुपारपर्यंत सावली असते, आणि देवीला जाणारं प्रत्येक माणूस तिथूनच वळतं. या जागेचा कागद कोणाकडेच नाही. तिच्या सासूनं, पार्बताबाईनं, तिथं बसून तीन पोरी उजवल्या होत्या, आणि पाय थकले तेव्हा बाजूच्या सगळ्या फुलवाल्यांसमोर जयवंताच्या ओटीत नारळ घालून म्हातारीनं म्हटलं होतं, "आता इथं हे बसन." बस्स. तेवढाच कागद. त्यानंतर जयवंता आजारी पडली तर शेजारची तारा तिच्या जागेवर रिकामं गोणपाट अंथरून ठेवायची, आणि त्या गोणपाटावर कोणी पाय देत नव्हतं. पावसाळ्यात मळ्यातली शेवंती सडली, तेव्हा याच तुकड्यानं घर चालवलं. धाकट्या लेकीचं नर्सिंगचं शिक्षण याच तुकड्यावर झालं. गोवर्धन मळा पाहायचा, फुलं गाडीवर आणून द्यायचा, नाही असं नाही. पण घरात चूल पेटते ती कशावर, हे त्यालाही ठाऊक होतं.

चहाचे कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा फाटकाशी एक गाडी थांबली होती. खुशालराव उतरत होते. अकोल्याचे मोठे फुलांचे व्यापारी, पटाचे शौकीन, काल चांदूरच्या जोडीवर पैज लावून जिंकलेले, पांढरी विजार, त्यावर कोट. त्यांचा धाकटा मुलगा नुकताच अमरावतीला राहायला आला होता आणि सुनेला इथं काहीतरी धंदा लावून द्यायचा त्यांचा विचार चालला होता, हे जयवंतानं ऐकलं होतं. खांद्यावर रेशमी काठाचा दुपट्टा. आणि हातात नारळ.

नारळ पाहून जयवंता थबकली. पैज जिंकलेला माणूस पेढे आणतो, मिठाई आणतो. नारळ कशाला?

"या, या खुशालभाऊ," गोवर्धन उठला. उठला, पण बायकोकडे पाहिलं नाही त्यानं.

खुशालरावांनी नारळ खाटेवर भगवंतांपुढे ठेवला. "गोवर्धनभाऊनं सांगतलं होतं, जागा बदलाची असन त नारळ लागते. म्हनून घेऊनच आलो. उद्या मंगळवार हाये, दिवस चांगला हाये. सूनबाईले उद्याच बसवून टाकू म्हनतो."

"कोनती जागा?" जयवंतानं विचारलं.

सगळ्यांना अचानक चहा फार गरम लागायला लागला. मिशी गेलेला इसम बकरीकडे पाहू लागला.

"कोनती जागा, म्हनलं!"

"अवं, तसं काही नाही," गोवर्धन म्हणाला. "एका नवरात्रापुरती गोष्ट झालती. एक बोट. एक नवरात्र त्यायनं बसाचं, मंग आपली जागा आपल्याले. खुशालभाऊ, सांगा ना."

खुशालराव हसले. "एक बोट? गोवर्धनभाऊ, मनगट होतं ते."

आणि मग जे सुरू झालं ते पाहून जयवंताला खरंच शिसारी आली. कोणी म्हणालं नाही की अरे, बाईची जागा आहे ती, तुम्ही कोण टिकोजीराव तिचा सौदा करणारे? एकालाही तसं वाटलं नाही. सगळे जण एकदम शुद्धीवर आल्यासारखे कामाला लागले. बोट होतं की मनगट! वा, काय प्रश्न मिळाला! मोगऱ्याच्या कानापेक्षा कितीतरी चांगला. अमोलनं लगेच व्हिडिओ मागे नेला. धाव सुरू होण्याआधी कॅमेरा गर्दीवरून फिरला होता, आणि त्यात कडेला गोवर्धन आणि खुशालराव उभे दिसत होते. मध्ये दुपट्टा.

"मोठं कर, मोठं कर!"

"हे पाय. खुशालभाऊचं कोपर वर गेलं. बोटासाठी कोपर कायले वर जाईन?"

"पन दुपट्टा थोडासाच हालला ना बे. मनगटाले जास्त हालते."

अमोल कारकुनी आवाजात म्हणाला, "काका, संशयाचा फायदा तुमाले मिळू शकते."

हातातला कप तसाच धरून जयवंताही वाकून पाहत होती. ते दुपट्ट्याकडे पाहत होते, ती नवऱ्याच्या तोंडाकडे. गोवर्धन हसत होता. पाहुणचाराला गेलेल्या जावयासारखा खुशीत, गाल फुगवून, मान मागे टाकून हसत होता, आणि डाव्या हातानं टोपी सावरत होता. त्याच वेळी त्याच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ती उन्हात बसून जिंकणाऱ्या जोडीसाठी हार ओवत होती. त्यानं एकदाही त्या बाजूला पाहिलं नव्हतं. व्हिडिओ संपेपर्यंत एकदाही नाही. असल्या माणसाला आपण इतकी वर्षं गरम पोळी वाढली!

भगवंतांनी घसा खाकरला. "हे पाहा, मोबाईलमंधी हाताचं काही दिसत नाही. ज्याचा हात होता त्यानंच सांगावं. गोवर्धन, देवाची आन घेऊन सांग. बोट का मनगट?"

गोवर्धन पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेला. जयवंता त्याच्या मागोमाग आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"बोट देल्लं का मनगट?" तिनं विचारलं.

"अवं, तू काहून तापून राह्यली? मी सांगतो ना बोट म्हनून. कोनं पाह्यलं तिथं?"

"मी पंचायतीले काय सांगता ते नाही इचारून राह्यली. मले सांगा."

तो माठाशी उभा राहिला. पेला भरला, प्यायला नाही. बाहेर कोणीतरी पुन्हा व्हिडिओ लावला होता. गर्दीचा ओरडा आणि माइकवरचा आवाज दारातून आत येत होता, पैजा लावू नका, पैजा लावू नका.

"मनगट," तो म्हणाला. "त्यानं बोट धरलं होतं. मंग म्हने, एवढाच भरवसा हाये का मोगऱ्यावर? सारे पाहून राह्यलते. मले राहवलं नाही."

"सारे पाहून राह्यलते?"

"मंग! इज्जतीचा सवाल होता."

"आन माही जागा?"

"अवं, जागा काय, दुसरी पाहू. भाजीबाजाराच्या कोपऱ्यात पाहू. पन शब्द फिरवला त माहा हात कोनी धरन का जिंदगीत? भगवंतदादा समोर बसले हाये. मी आता बोट म्हनतो, ते मानतीन बी. पन खुशालभाऊ साऱ्या वऱ्हाडात सांगन, गोवर्धन खेरडे खोटारडा हाये." तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "तूच एक काम कर. बाहीर चाल, आन तो नारळ तूच दे त्याले. राजीखुशीनं देल्ली म्हनून सांग. मंग माहाबी शब्द राहीन, आन तुहंबी नाव होईन."

जयवंतानं त्याच्याकडे पाहिलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग म्हणजे निदान समोर माणूस आहे असं समजून येतो. तिला त्याची घाण वाटली. तोंडावरचा घाम, ओठाला लागलेला चहा, ते "तुहंबी नाव होईन". नांदायला आली तेव्हापासून या माणसाची बाजू तिनं कुठं कुठं घेतली होती, सासरी, माहेरी, देवळासमोर. आणि हा तिचं नाव करायला निघाला होता.

"जा बाहीर," ती म्हणाली. "खरं सांगा. मनगट म्हना."

"आन तू?"

"मी नारळाले हात लावत नाही."

तो बाहेर गेला आणि त्यानं खरं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, छातीवर हात ठेवून. मंडळींनी त्याची पाठ थोपटली. शब्दाचा माणूस! भगवंतांनी निकाल दिला की पैज पक्की, जागा खुशालरावांची. एक जण तर म्हणाला, असे मर्द आता राहिले नाहीत. जयवंता दाराआड हार ओवत होती आणि सगळं ऐकत होती. ज्याची वस्तू गेली तिच्याकडे पाठ, आणि ज्यानं घालवली त्याच्या पाठीवर थाप. असला उफराटा न्याय तिनं जन्मात पाहिला नव्हता. मंडळी उठली तेव्हा अंगणभर कप पडले होते आणि बकरी अर्धी टोपली झेंडू खाऊन तृप्त झाली होती.

मंगळवारी सकाळी जयवंता रोजच्यासारखी देवळासमोर गेली. गोणपाट झटकलं, अंथरलं, हार मांडले, गजरे ओल्या फडक्याखाली ठेवले. शेजारच्या ताराला तिनं सगळं सांगितलं. तारा बेलफुलं विकायची. तिनं ऐकलं आणि पचकन बाजूला थुंकली.

"मंग आता?" तारानं विचारलं.

"आता येऊ दे त्यायले."

आले ते वाजतगाजत. पुढे खुशालराव, कोट, दुपट्टा. मागे त्यांची सून दीपमाला, डोक्यावर फुलांची भरलेली टोपली, मान खाली. बाजूला गोवर्धन, नारळ त्याच्याच हातात. खुशालरावांचं सामान वाहायला आल्यासारखा. पायऱ्यांवरचे दोन-चार लोक थांबून पाहू लागले, फुलवाल्या बायका आपापल्या जागेवर ताठ झाल्या.

"वयनी," खुशालराव गोडीनं म्हणाले, "तुमी आज बसाच पाहिजे होत्या असं नाही. पन बसल्या त बसल्या. सूनबाईले जरा सांगा, गिऱ्हाईक कसं पाहाचं, देवीचा हार केवढा करतात. तुमच्या हातून नारळ घेतला का झालं."

जयवंता उठली. तिनं हात पुढे केला, आणि खुशालरावांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला. घेतला म्हणजे सरळ ओढलाच. त्यांना काही कळायच्या आत तिनं तो आपल्या उजव्या हातावर पसरला, आणि दुपट्ट्याखालचा तो हात सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे धरला.

"धरा," ती म्हणाली.

"काय?"

"मनगट. परवा माह्या मालकाचं मनगट धरून जागा घेतली ना तुमी? ते मनगट इथं कवा बसलं नाही, खुशालभाऊ. वीस-बावीस वर्सं हे बसते हाये. माह्या सासूनं ह्या हातात देल्ली जागा. ज्याची वस्तू त्याचा हात धरा लागते, ढोरबाजारात बी. धरा. एवढ्या लोकायसमोर माहं मनगट धरा, आन जागा घेऊन जा."

दुपट्ट्याचा रेशमी काठ वाऱ्यावर हलत होता. देवळातली घंटा वाजली आणि थांबली. खुशालरावांचा उजवा हात थोडा वर आला होता, तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला. मग आजूबाजूला पाहिलं. देवीचं दार, मंगळवारची गर्दी, समोर परक्या माणसाची बायको हात पुढे करून उभी, आणि मागे स्वतःची सून पाहते आहे.

"वयनी, हे काय लावलं? मी बाईमानसाचा हात..."

"मंग बाईमानसाची जागा कशी घेतली?" तारा बसल्या जागेवरून म्हणाली, आणि बाकीच्या फुलवाल्यांत खसखस पिकली.

दीपमालानं डोक्यावरची टोपली खाली उतरवली होती. पोरगी विशीतली, नव्या बांगड्या. तिनं मान वर केली आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, मले त घरी सांगतलं होतं, जागा इकत घेतली म्हनून." मग ती कोणाच्या उत्तरासाठी थांबली नाही. टोपली उचलून पुन्हा डोक्यावर घेतली आणि गाडीकडे चालू लागली.

खुशालराव काहीतरी पुटपुटले. बायकांच्या नादी लागत नाही, असं काहीसं. दुपट्टा मागायचंही त्यांना सुचलं नाही. सुनेच्या मागोमाग ते गेले तेव्हा चालण्यातला तोरा बराच उतरला होता. दुपट्टा तारानं घडी करून देवळाच्या पायरीवर ठेवला, ज्याचा असेल तो नेईल म्हणून.

आता इथं गोवर्धननं निदान गप्प बसायचं. पण तो गोवर्धन. खुशालराव वळले तसा त्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांड्यात पडलेला जीव लगेच उड्या मारायला लागला.

"पाह्यलं का?" तो पायरीवरच्या लोकांना सांगू लागला. "माही बायको हाये! आपन मनगट देल्लं, शब्द पाळला, मागं हटलो नाही. त्यालेच घेता आलं नाही, त्याले आपन काय करू? शब्दबी राह्यला आन जागाबी राह्यली!" नारळ अजून त्याच्या हातात होता, आणि तो तो वरखाली झेलत होता. "भगवंतदादाले सांगा लागते हे. आज दुपारी सारे जमवतो घरी."

म्हणजे पुन्हा पंचायत. पुन्हा चहा. तिनं हात कसा पुढे केला, कोट कसा मागे सरला, याची चिरफाड होणार, पुढे-मागे करून. अमोलनं व्हिडिओ काढला नाही म्हणून हळहळही होणार. आणि मध्ये हा बसणार, जिंकलेल्या माणसासारखा. हे सगळं जयवंताला भर सकाळी डोळ्यांसमोर स्पष्ट दिसलं. ती मटकन गोणपाटावर बसली. परवा पैज लावली याची नव्हे, हरला याचीही नव्हे, आता तो ज्या आनंदानं उभा होता त्या आनंदाची तिला किळस आली.

"काय झालं वं?" त्यानं विचारलं. "पानी आनू?"

"घरी कोनाले जमवाचं नाही," ती म्हणाली.

"अवं, आता त जिंकलो आपन!"

"आपन नाही. तुमी हारले. काल माठापाशी मी इचारलं, तुमी म्हनले, दुसरी जागा पाहू. तिथंच हारले तुमी. आता त्याची पैज कोनी लावत नाही अन् तो निकाल कोनी फिरवत नाही."

आजूबाजूला लोक होते, तारा ऐकत होती, आणि गोवर्धनला वाटलं हसून न्यावं हे. तो हसला. वाकला, नारळ काखेत धरला, आणि तिला उठवायला उजवा हात पुढे केला. गुडघे दुखतात तिचे, हे त्याला आठवलं असावं.

एक नवं लग्न झालेलं जोडपं समोर येऊन उभं होतं, देवीसाठी मोठा हार मागत होतं. मोठे हार मागच्या टोपलीत होते, उठल्याशिवाय हाताला येणारे नव्हते. गोवर्धनचा हात तसाच तिच्या तोंडासमोर होता. जयवंतानं जमिनीवर तळवा टेकला, दुसऱ्या हातानं गुडघा दाबला, आणि आपली आपण उठून हार काढायला गेली.